ट्रेलर जोडला की रेंज अर्धी: अमेरिकेतले इलेक्ट्रिक पिकअप नेमके कुठे अडले?

१५ डिसेंबर २०२५ ला फोर्ड कंपनीने एक मोठी घोषणा केली. पूर्णपणे बॅटरीवर चालणारा त्यांचा एफ-१५० लाइटनिंग हा पिकअप ट्रक आता बनणार नाही. याच नावाची पुढची गाडी येईल, पण तिच्यात बॅटरीसोबत वीज तयार करणारं पेट्रोल इंजिनही असेल. या गाडीची एकूण रेंज ७०० मैलांच्या वर, म्हणजे ११०० किलोमीटरच्या पुढे असेल असा कंपनीचा दावा आहे. ईव्हीचं धोरण असं फिरवण्यापोटी फोर्डने सुमारे १९.५ अब्ज डॉलरचा फटका हिशोबात धरलाय.

फोर्ड यात एकटी नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये स्टेलांटिसने रॅम ब्रँडचा पूर्ण इलेक्ट्रिक पिकअप बाजारात येण्याआधीच रद्द केला आणि बॅटरी अधिक पेट्रोल जनरेटरवाली गाडी पुढे आणली. फोक्सवॅगन समूहाच्या स्काउट कंपनीकडे जे बुकिंग झालं, त्यातही बहुतांश ग्राहकांनी जनरेटरवाला पर्याय निवडला.

आपल्याकडच्या बातम्यांत याचा मथळा झाला ‘अमेरिकेत ईव्ही फ्लॉप’. ते अर्धसत्य आहे. किंमत जास्त होती, ७,५०० डॉलरची सरकारी करसवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली, प्रदूषणाचे नियम सैल व्हायला लागले, ही कारणं आहेतच. पण मग पिकअपच का अडले? छोट्या ईव्हीला कोणी मागे जनरेटर लावायला सांगत नाही. याचं उत्तर गाडीच्या मागच्या बंपरखाली असलेल्या एका लोखंडी गोळ्यात आहे. त्या गोळ्याला ट्रेलर जोडतात.

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे काय?

अमेरिकेत पिकअप ही फक्त माल वाहायची गाडी नाही. चार दरवाजे, पाच सीट, मुलांची शाळा, किराणा, ऑफिस, सगळं याच गाडीतून चालतं. आणि सुट्टी लागली की तिच्या मागे चाकांवरचं घर जोडायचं. आत पलंग, गॅसची शेगडी, फ्रिज, टॉयलेट, पाण्याची टाकी. यालाच ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. नॅशनल पार्कजवळच्या कॅम्पग्राउंडवर हे घर उभं करायचं, गाडी सोडवून घ्यायची आणि हिंडायचं.

सगळेच लोक ट्रेलर ओढतात असं नाही. ज्यांच्याकडे आहे तेही वर्षातून थोडेच दिवस ओढतात. पण गाडी घेताना माणूस त्या थोड्या दिवसांचा विचार करतो. आपण नाही का, रोज ऑफिसला एकटेच जातो आणि गाडी मात्र गावी जाताना सगळे मावतील अशी घेतो? तसंच हे.

ताकद कमी पडत नाही

एक गैरसमज आधी दूर करू. इलेक्ट्रिक गाडीला ट्रेलर ओढवत नाही, हे साफ चूक आहे. उलट ओढण्याच्या कामात मोटर इंजिनापेक्षा सरस आहे. शून्य वेगापासूनच पूर्ण टॉर्क मिळतो, गिअर बदलताना झटका बसत नाही. उतारावर रिजनरेशनमुळे मोटरच ब्रेकचं काम करते, त्यामुळे ब्रेक कमी तापतात आणि वर थोडी वीज परत मिळते. लाइटनिंगची ओढण्याची क्षमता योग्य पॅकेजसह १०,००० पौंड होती, म्हणजे सुमारे साडेचार टन. रिव्हियन आर१टीची ११,००० पौंड आहे. टेस्ला मॉडेल एक्स आणि किआ ईव्ही९ सारख्या कौटुंबिक एसयूव्हीही ५,००० पौंड, म्हणजे सव्वादोन टनांपेक्षा थोडं जास्तच ओढू शकतात.

अमेरिकेत हे आकडे ठरवायला एसएई जे२८०७ नावाचं मानक आहे. त्यात एक चाचणी ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅम घाटाची आहे. उन्हाळ्याची गरमी, एसी सुरू, मागे पूर्ण वजनाचा ट्रेलर आणि १८ किलोमीटरहून जास्त लांबीची चढण. एवढं करून गाडीचा वेग ठरावीक मर्यादेच्या खाली जाता कामा नये. ब्रेक, वळण, चढावर थांबून पुन्हा निघणं, हेही तपासलं जातं.

पण ब्रोशरवरचा हा आकडा ‘गाडी ओढेल का?’ एवढंच सांगतो. ‘किती लांब ओढेल?’ हा प्रश्न त्या परीक्षेत येत नाही. पेट्रोलच्या जमान्यात तो विचारायची गरजही नव्हती.

आता गणित करू

मी ढोबळ हिशोब मांडतो, तुम्ही फोनच्या कॅल्क्युलेटरवर पडताळून बघा. घरच्या वीजबिलावरचं १ युनिट म्हणजेच १ किलोवॅट-तास. लाइटनिंगच्या मोठ्या बॅटरीत वापरता येण्याजोगे १३१ युनिट होते. एका छोट्या कुटुंबाचं महिन्याचं बिल साधारण एवढ्या युनिटचं येतं.

सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना गाडीची ऊर्जा मुख्यतः दोन ठिकाणी जाते. एक, टायर रस्त्यावर दबत-फिरत असतात त्यात. दोन, समोरची हवा बाजूला सारण्यात. टायरचा खर्च वजनावर ठरतो. हवेचा खर्च गाडीच्या समोरच्या आकारावर आणि वेगाच्या वर्गावर ठरतो. म्हणजे वेग दुप्पट केला की हवेचा रोध चौपट.

गाडी ३ टनांची आणि ट्रेलर २.५ टनांचा धरू. टायरचा रोध वजनाच्या १ टक्का. समोरचं क्षेत्रफळ गुणिले आकाराचा गुणांक हा आकडा एकट्या गाडीचा १.४ चौरस मीटर आणि ट्रेलर लावल्यावर दोघांचा मिळून ३.४. वेग ताशी १०० किलोमीटर. दर १०० किलोमीटरला खर्च असा येतो:

- एकटी गाडी: टायर ८ युनिट + हवा १८ युनिट = २६ युनिट. रेंज सुमारे ५०० किलोमीटर.
- ट्रेलरसह: टायर १५ युनिट + हवा ४४ युनिट = ५९ युनिट. रेंज सुमारे २२० किलोमीटर.

या गाडीची अधिकृत रेंज ३२० मैल, म्हणजे ५१५ किलोमीटर होती. तेव्हा आपला हिशोब फार भरकटलेला नाही. यात मोटर आणि वायरिंगमधला अपव्यय, एसी, चढ-उतार, समोरचा वारा धरलेला नाही. ते धरलं की आकडा आणखी खाली येतो. रिव्हियननेही ग्राहकांना स्पष्ट सांगितलंय की जड ट्रेलर ओढताना रेंज साधारण निम्मी होते असं धरून चाला.

आता यातली खरी गोष्ट पाहा. ट्रेलरमुळे ३३ युनिट जास्त लागले. त्यातले टायरचे, म्हणजे वजनाचे, फक्त ७. उरलेले २६ हवेचे. पाचातले चार भाग हवेने खाल्ले. तेवढ्याच वजनाचं सामान बसक्या, उघड्या ट्रेलरवर नीट झाकून नेलं, तर याच हिशोबाने रेंज साडेतीनशेच्या आसपास राहते. ट्रॅव्हल ट्रेलर जड असतो हा मोठा प्रश्न नाही. तो उभ्या कपाटासारखा असतो, हा आहे.

वेग कमी केला तर? ताशी ८० वर हवेचा खर्च ४४ वरून २८ युनिटवर येतो, एकूण ४३. रेंज ३०० किलोमीटरच्या पुढे जाते. वेग २० टक्के कमी, रेंज ३५ टक्क्यांहून जास्त. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला ताशी ५५ मैलांची, म्हणजे ८८ किलोमीटरची मर्यादा आहे. तो नियम सुरक्षेसाठी आहे, पण बॅटरीचंही त्यात भलं होतं.

पेट्रोलवाल्याला हे का जाणवत नाही?

जाणवतं की! ट्रेलर लावला की पेट्रोल पिकअपचं मायलेजही अर्ध्यावर येतं. फरक साठ्यात आहे. १ लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. एफ-१५० ला ३६ गॅलनची, म्हणजे १३६ लिटरची टाकी मिळायची. झाले १,२०० हून जास्त युनिट. इंजिन त्यातला बराचसा भाग उष्णता म्हणून वाया घालवतं. पाव भाग जरी चाकांपर्यंत पोहोचला, तरी ३०० युनिट झाले. आपल्या बॅटरीच्या दुप्पटहून जास्त. आणि संपलं तर पाच मिनिटांत टाकी भरून पुढे.

मोटर उधळी नाही, काटकसरी आहे. पण तिच्या खिशात मुळात पैसे थोडे. रोजच्या खर्चाला पुरतात. घरात लग्न निघालं की ओढाताण होते.

मग बॅटरी मोठी का करत नाहीत? केली ना. शेव्हरोलेच्या सिल्वराडो ईव्हीत २०० युनिटहून मोठी बॅटरी मिळते. पण मोठी बॅटरी म्हणजे जास्त किंमत, जास्त वजन आणि जास्त वेळ चार्जिंग. जीएमसीच्या इलेक्ट्रिक हमरचं वजन चार टनांच्या वर गेलं. वर्षातल्या पंधरा दिवसांसाठी उरलेले साडेतीनशे दिवस ते ओझं वागवायचं.

चार्जरवर खरी परीक्षा

लाइटनिंगला १५ ते ८० टक्के चार्ज व्हायला वेगवान चार्जरवर सुमारे ४० मिनिटं लागायची. एवढ्या वेळात बॅटरीत जातात ८५ युनिट. ट्रेलरसह त्यात जेमतेम १४५ किलोमीटर होतात. म्हणजे हायवेवर दीड तास चालवा, मग ४० मिनिटं थांबा. लहान मुलं सोबत असतील आणि ५०० किलोमीटर जायचं असेल, तर दिवस कसा जाईल याची कल्पना करा.

त्यात चार्जिंग स्टेशनची रचना आडवी येते. पेट्रोल पंपावर गाडी एका बाजूने शिरते आणि दुसऱ्या बाजूने सरळ बाहेर पडते. मागे लांबलचक ट्रेलर असला तरी हरकत नाही. बहुतेक चार्जर मात्र पार्किंगच्या कोपऱ्यात असतात. नाक भिंतीला लावून उभं राहायचं. ट्रेलर जोडलेला असेल तर तो मागे आडवा राहतो आणि दोन-चार जणांची वाट अडते. मग काय, ट्रेलर सोडवा, कुठेतरी उभा करा, गाडी चार्ज करा, परत येऊन जोडा. पंपासारखे आरपार चार्जर आता काही ठिकाणी झालेत, पण अजून तुरळकच. हा दोष गाडीचा नाही, जागा आखणाऱ्यांचा आहे. गाडी घेतलेल्या माणसाला त्या फरकाचा उपयोग शून्य.

ब्रोशर लपवतं तो दुसरा आकडा: पेलोड

इथपर्यंतचं सगळं इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल होतं. पण ‘ओढण्याची क्षमता’ हा आकडा आणखी एका बाबतीत फसवा आहे, आणि तिथे पेट्रोल, डिझेल, बॅटरी सगळे सारखे. तिथे प्रश्न पोहोचायला उशीर होण्याचा नाही, जिवाचा आहे.

ट्रेलर आपलं सगळं वजन स्वतःच्या चाकांवर पेलत नाही. साधारण १० ते १५ टक्के वजन जोडावर, म्हणजे ओढणाऱ्या गाडीच्या पाठीवर येतं. ते यायलाच हवं. ज्यांनी बैलगाडी भरलेली पाहिली आहे त्यांना कारण लगेच कळेल. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, पुढचं टोक वर उचलतं. ट्रेलरमध्ये सामान मागे जास्त भरलं तर जोडावरचा भार कमी होतो आणि वेगात ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे हलायला लागतो. हे झोके वाढत गेले तर ट्रेलर पुढच्या गाडीलाही घेऊन उलटतो. म्हणून जड सामान चाकांच्या जरा पुढे ठेवायचं.

पण पाठीवर येणारं हे वजन गाडीच्या पेलोडमधून वजा होतं. पेलोड म्हणजे माणसं, सामान आणि जोडावरचा भार मिळून गाडी किती पेलू शकते तो आकडा. अमेरिकेत ड्रायव्हरच्या दाराजवळ एका स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. उदाहरणादाखल एक एसयूव्ही घ्या: ओढण्याची क्षमता २,२६८ किलो, पेलोड ५५० किलो. मागे २,००० किलोचा ट्रेलर लावला. ब्रोशरप्रमाणे एकदम ओके. जोडावर आले २२० किलो. आई-बाबा आणि दोन मोठी मुलं मिळून २८० किलो. उरले ५० किलो. त्यात सायकली, कूलर, बॅगा आणि कुत्रा बसवा!

शिवाय विक्रेता सांगतो ते ट्रेलरचं वजन रिकाम्या घराचं असतं. १५० लिटरची पाण्याची टाकी भरली की १५० किलो तिथेच वाढले. ओढायची मर्यादा संपायच्या कितीतरी आधी पेलोड संपतो, आणि तो पाहणारे ग्राहक कमी.

सॉफ्टवेअर काय करू शकतं?

माझ्या धंद्यातला भाग हा. ट्रेलर झोके घ्यायला लागला की गाडीतले सेन्सर ते ओळखतात आणि वेगवेगळ्या चाकांना वेगवेगळा ब्रेक लावून झोका मोडतात. अशा वेळी ड्रायव्हरने घाबरून जोरात ब्रेक मारायचा नसतो किंवा स्टिअरिंग झटकायचं नसतं. पाय हळू उचलायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं. ट्रेलर रिव्हर्स घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं. त्यासाठी फोर्डने २०१६ च्या एफ-१५० पासून एक गोल नॉब दिला. ट्रेलर जिकडे वळवायचाय तिकडे नॉब फिरवा, स्टिअरिंगचं काम गाडी करते.

रेंजच्या अंदाजात सॉफ्टवेअरने खरंच मोठी मदत केली. टेस्ला, रिव्हियन आणि फोर्डच्या गाड्या ट्रेलर जोडलाय हे धरून उरलेली रेंज नव्याने काढतात. काहींमध्ये ट्रेलरची मापं आधीच भरून ठेवता येतात. त्यामुळे रस्त्यात अचानक बंद पडायची भीती कमी होते. पण अंदाज अचूक झाला म्हणून बॅटरी मोठी होत नाही. तुमचा फोन ‘१ तास उरला’ असं अगदी बरोबर सांगत असला, तरी उरलेला असतो तो एकच तास.

मग उपाय काय?

सध्या दोन रस्ते दिसतात.

पहिला, रेंज एक्स्टेंडर. चाकं फिरवते ती मोटरच. पेट्रोल इंजिन फक्त जनरेटर म्हणून वीज बनवतं. रॅमने जाहीर केलेल्या गाडीत ९२ युनिटची बॅटरी आणि १३० किलोवॅटचा जनरेटर आहे. आपल्या हिशोबात ट्रेलरसह ताशी १०० ला दर तासाला ५९ युनिट, म्हणजे ५९ किलोवॅट लागले. तेवढी वीज हा जनरेटर आरामात देतो, घाटातही तो बऱ्यापैकी पुरा पडेल. रोजचा शहरातला प्रवास घरी चार्ज केलेल्या विजेवर आणि पंधरा दिवसांच्या सुट्टीला पेट्रोल. मालक रोज चार्ज करत असेल तर ही चांगली तडजोड आहे. तो आळस करणारा असेल, तर ही एक जड आणि महाग पेट्रोल गाडी ठरेल.

दुसरा रस्ता ट्रेलरच सुधारायचा. लाइटशिप आणि पेबल या अमेरिकन कंपन्यांनी ट्रेलरलाच बॅटरी आणि मोटर दिली. ट्रेलर स्वतःला ढकलतो, पुढच्या गाडीवर ओढ कमी येते. लाइटशिपच्या ट्रेलरचं छत प्रवासात खाली बसतं आणि मुक्कामी वर उचललं जातं. वर पाहिलेल्या गणितातल्या सर्वात मोठ्या आकड्यावर, म्हणजे हवेवर, हा थेट घाव आहे. अडचण किमतीची. हे ट्रेलर लाख डॉलरच्या पुढचे आहेत.

मला स्वतःला दुसऱ्या रस्त्यातली छत खाली बसवण्याची कल्पना जास्त पटते, कारण ती बॅटरीशिवायही लागू पडते. साध्या ट्रेलरचा आकार सुधारला तर पेट्रोल गाडीलाही फायदा होईल. इतकी वर्षं तो सुधारला नाही, कारण पेट्रोलची मोठी टाकी ते नुकसान झाकत होती.

आपल्याला यातून काय घ्यायचं?

महाराष्ट्रात गाडीमागे घर जोडून फिरायची पद्धत नाही. पण भौतिकशास्त्र तेच आहे. ईव्ही घेऊन पुण्याहून कोल्हापूरला किंवा मुंबईहून नाशिकला निघणार असाल, तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. टपावर सामान बांधलं की हवेचा खर्च वाढतो. तेच सामान डिकीत मावलं तर खर्च नगण्य. चार्जर लांब असेल तर वेग ताशी १०० वरून ८० वर आणा. याच्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. आणि शोरूममध्ये रेंजचा आकडा सांगितला की लगेच विचारा: किती वेगाला, किती माणसं बसवून, किती सामान घेऊन?

अमेरिकेतल्या पिकअपवाल्यांनी ओढण्याचा आकडा पाहिला आणि तो खराही होता. फक्त तो ज्या प्रश्नाचं उत्तर होता, तो प्रश्न त्यांचा नव्हता.